आवाज बंद ठेवून पाहिलेला सिनेमा

बाबा गेल्यावर महिनाभर रोज कुणाचा ना कुणाचा फोन यायचा. सोलापूरहून, पुण्याहून, एक तर थेट बेळगावहून. सगळ्यांचं बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचं, की शेवटी शेवटी तिकडे परक्या देशात त्यांचं कसं काय होतं? मी सांगायचे, "अगदी सुखात होते. परत जायचंय असं एकदाही म्हणाले नाहीत." हे मी इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे फोन खांदा आणि कानात धरून, भाजी चिरता चिरता ते बोलता यायला लागलं. आणि ते खोटं नव्हतं. बाबा दीड वर्ष आमच्याकडे स्टुटगार्टला राहिले, पण घरी जायची गोष्ट त्यांनी माझ्यापाशी कधी काढली नाही. पुरावा हातात असला की मी कुणाचं ऐकत नाही. कंपनीतही माझं काम तेच. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि चूक कोणाची झाली ते कागदावर दाखवून द्यायचं. या प्रकरणात चूक माझी नव्हती. ते मी स्वतःला पुरतं पटवून दिलं होतं.

तरी तो नट आमच्या घरातून जाईना.

त्याचं नाव लिहीत नाही, कारण बाबांच्या तोंडी मी ते फारसं ऐकलं नाही. ते त्याला 'आपला माणूस' म्हणायचे. अमेरिकन, काळ्या-पांढऱ्या सिनेमांच्या काळातला, मी जन्मायच्या आधीच वारलेला. रुंद खांद्यांचा, थोडा वाकून चालणारा. बाबांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते सोलापुरात, कॉलेजात असताना. रविवारी सकाळी एका थेटरात इंग्रजी सिनेमा लागायचा. गिरणीतल्या कामगारांची, विणकरांची पोरं गर्दी करायची, पण इंग्रजी कोणालाच धड येत नसे. म्हणून प्रत्येक टोळक्यात एक सांगणारा असायचा. त्याला मधली खुर्ची मिळायची. पडद्यावरचा माणूस बोलला की हा दबक्या आवाजात तेच मराठीतून बोलायचा, आणि दोन्ही बाजूंची डोकी त्याच्याकडे कललेली असायची. बाबा असे सांगणारे होते. त्यांना तरी कुठे सगळं कळत होतं? निम्मं कळायचं, निम्मं ते चेहरा बघून ठोकून द्यायचे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यातला एक सिनेमा त्यांनी टीव्हीवर खाली इंग्रजी अक्षरं असलेला पाहिला, तेव्हा कळलं की ज्याला ते त्यातल्या नायिकेचा भाऊ म्हणून सांगत आले तो तिचा नवरा होता. बाबा जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "मी सांगितलेली ष्टोरी जास्त बरी होती."

त्या नटाचं सगळं आयुष्य त्यांना एखाद्या चुलत भावाचं असावं तसं पाठ होतं. आधी बंदरावर पोती उचलायचा. मग एका नाटक कंपनीत पडदा ओढायला लागला. पहिल्या सिनेमात घोड्यावरून येतो आणि तोंड उघडायच्या आत गोळी लागून खाली पडतो. दुसऱ्यातही पडतो. "चार सिनेमांत मेला, तेव्हा कुठे पाचव्यात जिवंत ठेवला," बाबा सांगायचे. मग युद्धाचे सिनेमे, मग हिरो, तीन लग्नं, मग दारू. मग कित्येक वर्षं कोणी दारात उभं करेना. आणि मग म्हातारा होऊन परत आला, कोणाचा बाप, कोणाचा आजा, गावातला न्यायाधीश असलं काहीबाही करायला. बाबांच्या मते त्याचं खरं काम तेच. "तरुण होता तेव्हा नुसता दिसायचा. म्हातारा झाल्यावर बोलायला लागला."

हे ऐकून कुणाला वाटेल की बाबा गप्पिष्ट होते. अजिबात नाही. नोकरीभर ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देत राहिले आणि घरी आले की मिटल्या तोंडाने बसायचे. मनातलं बोलून दाखवणं हा प्रकार आमच्या घरात नव्हताच. आईला साडी आवडली की नाही हे ती साडी किती वेळा नेसते त्यावरून आम्ही ओळखायचो. बाबांचं कौतुक, राग, काळजी, सगळं 'हं' एवढ्या एका अक्षरात मावायचं. अपवाद फक्त या माणसाचा. त्याच्या तोंडून ते भरभरून बोलायचे.

आई गेल्यावर तीन वर्षं ते एकटे राहिले. मग न्हाणीघरात पडले. शेजाऱ्यांनी दार तोडलं, मला फोन केला, आणि मी दहा दिवसांची रजा काढून गेले. मला कामं उरकायची सवय आहे. दहा दिवसांत मी भांडी वाटली, गादी-पलंग देऊन टाकले, आईच्या साड्या मावश्यांकडे पोचवल्या, घर भाड्याने लावलं आणि कागदपत्रांची फाइल केली. बाबा खुर्चीत बसून बघत होते. मध्येच काहीतरी बोलायला लागले तर मी म्हटलं, "अहो बाबा, तुम्ही काही बोलू नका. मी बघते सगळं." ते म्हणाले, "हं."

आमच्याकडे आल्यावर ते शहाण्यासारखे वागले. हा शब्द मी तेव्हा अगदी खुशीत वापरायचे, आता लिहितानाही लाज वाटते. मुलीच्या घरी कायमचं राहायचं, ही त्यांच्या पिढीच्या माणसाला केवढी अवघड गोष्ट, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जर्मनीत कसली आलीय मुलीची आणि मुलाची भानगड, असं म्हणून मी तो विषय झटकून टाकला होता. माझा नवरा ऑफिसातून आला की बाबा सोफ्यावरून उठून जेवणाच्या टेबलापाशी जाऊन बसायचे. नवरा बिचारा म्हणायचा, "बाबा, बसा ना इथेच." "नाही नाही, जावईबापू, तुम्ही दमून आलात." चहा हवा असला तरी "तुम्ही घेणार असाल तर" म्हणायचे. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते. ज्या घराची पाळी असेल त्याच्या दाराला 'केरवोखे'ची, म्हणजे झाडायच्या आठवड्याची, पाटी लावतात. बाबांनी ते काम आपणहून अंगावर घेतलं. पाटी आमच्या दारी आली की ते सकाळपासून तयारीत. पाळी नसली तरी दोनदा झाडलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईने मला विचारलं की तिच्या झाडण्यात काही खोट दिसली का? मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, बाबा कसे रमलेत बघा.

पहिल्याच रविवारी दुपारी टीव्हीवर तो दिसला. बाबा पुढे सरसावून बसले आणि तो बोलायला लागताच त्यांचा चेहरा पडला.

"अगं, याला काय झालं? हा कोणाच्या आवाजात बोलतोय?"

"बाबा, इथे सगळं जर्मनमध्येच लागतं. याच्यासाठी एक जर्मन नट ठरलेला होता म्हणे, प्रत्येक सिनेमात तोच याचा आवाज. इथल्या लोकांना हाच खरा वाटतो."

"हा तर नाकात बोलतोय."

त्यांनी रिमोट मागितला आणि आवाज बंद केला. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. इथेच जन्मलेली, इथल्या सगळ्या मुलांसारखी. मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. ती कार्पेटवर काहीतरी रंगवत होती. बाबांनी घसा साफ केला आणि त्या माणसाचे ओठ हलले तसं ते मराठीत बोलायला लागले. ती वळून बघायला लागली. दहा मिनिटांनी ती त्यांच्या मांडीला टेकून बसली होती, आणि सिनेमा संपल्यावर "नोखमाल, आबा!" म्हणून परत लावायचा हट्ट करत होती. आबांचं जर्मन शून्य, पण हा शब्द त्यांना त्याच दिवशी कळला.

तिथून तो आमच्या घरचा रिवाजच झाला. रविवारी जेवणं झाली की नवरा सायकल घेऊन बाहेर पडायचा, मी स्वयंपाकघरात आवराआवर करायचे, आणि ते दोघं आवाज बंद करून 'आपल्या माणसा'चा सिनेमा बघायचे. टीव्हीला जोडलेल्या रेकॉर्डरच्या डब्यात आम्ही चार-पाच सिनेमे साठवून ठेवले होते, पण बहुतेक वेळा लागायचा तो एकच, त्याचा शेवटचा. त्यात तो एक म्हातारा नावाडी असतो. बायको गेल्यावर मुलगी त्याला आपल्या शहरातल्या घरी घेऊन येते. या सिनेमाचं शूटिंग चालू असतानाच तो नट आजारी होता, आणि सिनेमा पडद्यावर यायच्या आत तो गेला. "स्वतःचं सगळ्यात चांगलं काम त्याने पाहिलंच नाही," हे बाबा दर रविवारी सांगायचे. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं असायचं. नळ चालू, डिशवॉशर चालू, त्यामुळे शब्द कळत नसत, नुसता सूर यायचा. मला फार बरं वाटायचं. वाटायचं, चला, दोघांचं छान जमलंय, मला एक तास मोकळा मिळतोय.

त्या सिनेमात तो डावा हात सारखा कोटाच्या खिशात ठेवतो. हात थरथरायचा म्हणून, असं बाबाच सांगायचे. दुसऱ्या हिवाळ्यात बाबाही डावा हात खिशात घालून वावरायला लागले. मी चेष्टा केली, "काय बाबा, या वयात हिरोगिरी?" ते हसले. त्यांचा हात थरथरत होता हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही डॉक्टरांकडून. मी त्यांच्यावर चिडले, सांगायचं नाही का म्हणून. ते म्हणाले, "तू कामात होतीस."

मग तो हिवाळा सरता सरेना, त्यांना न्यूमोनिया झाला, आणि टेकडीवरच्या हॉस्पिटलात ते अकराव्या दिवशी गेले. शेवटच्या दिवसांत बोलणं जवळजवळ नव्हतंच. पाणी मागायचे, नात शाळेतून आली का विचारायचे. मी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन कितीदा विचारलं, "बाबा, काही हवंय का? काही सांगायचंय का?" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. अस्थी घेऊन मी सोलापूरला गेले आणि जवळच्या कुडलच्या संगमावर सोडल्या. परत आले ती कामाला लागले. लोकांचे फोन घेत राहिले.

मग तो नट दिसायला लागला. त्यात आश्चर्य काही नाही, इथे दुपारचे जुने सिनेमे लागतातच. पाठीच्या दुखण्यासाठी मी एके ठिकाणी जायचे, तिथे बसायच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद. एकदा मान वर केली तर तोच, खांदे वाकवून दारातून आत येतोय. त्याचे ओठ हलले आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला. आठवला नाही, ऐकू आला. घशात किंचित खर असलेला, मला चांगला माहीत असलेला आवाज. शब्द मात्र एकही कळला नाही, स्वयंपाकघरात ऐकू यायचा तसा नुसता सूर. शेजारी बसलेली बाई मासिक चाळत होती. मी कोणाला न सांगता उठले आणि खाली रस्त्यावर येऊन उभी राहिले.

त्यानंतर तो कुठे ना कुठे भेटत राहिला. टीव्हीच्या दुकानात एकाच वेळी आठ पडद्यांवर. नवऱ्याच्या सहकाऱ्याकडे जेवायला गेलो तिथेही. प्रत्येक वेळी ओठ हलायचे आणि बाबा बोलायचे, आणि मला काय म्हणतात ते कळायचं नाही. दोन मेलेल्या माणसांनी मिळून मला काहीतरी सांगायचा चंग बांधलाय आणि मीच ठार बहिरी, असं वाटायचं. भीती वाटायची आणि चीडही यायची. नवरा एकदा काळजीने म्हणाला, "तो सिनेमा डिलीट करू का डब्यातून?" मी त्याच्या अंगावर अशी ओरडले की तो दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता.

परवाच्या रविवारची गोष्ट. नवरा बाहेर गेला होता. मी तळघरातल्या मशीनमधले कपडे काढून, टोपली घेऊन चार जिने चढून आले. दार लोटलं आणि आतून बाबांचा आवाज आला.

"अगं, जरा बस इथे. हात पूस आणि बस."

टोपली माझ्या हातातून खाली ठेवली गेली. आवाज बारीक होता, पण हेल तोच, सोलापूरचा. वाक्याच्या आधीचं ते घसा साफ करणंही तेच. मी भिंतीला धरून दिवाणखान्याच्या दारापर्यंत गेले. माझी मुलगी कार्पेटवर मांडी घालून बसली होती. टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावर तो नावाडी टेबलापाशी बसलेला, हात खिशात. ती त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती आणि बोलत होती. माझी मुलगी, जी मला मराठीत 'हो'सुद्धा म्हणत नाही.

"तुझं घर छान आहे. जावई सोन्यासारखा आहे. पण मला इथे करमत नाही गं. तुझ्या तोंडावर बोलायला जीभ रेटत नाही. तळ्याभोवती एक चक्कर मारली की माझा दिवस जायचा. मला माझ्या घरी नेऊन सोड."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? ती जर्मनमध्ये म्हणाली, कोणी नाही, हा बोलतोय ना तेच. मी रिमोट घेऊन आवाज चालू केला आणि सीन थोडा मागे नेला. तो नाकातला जर्मन आवाज बोलायला लागला. मुली, तू मला इथे आणलंस ते फार बरं केलंस. नदीची आता मला आठवणही येत नाही. मी इथेच राहीन.

"फाल्श," माझी मुलगी कपाळाला आठ्या घालून म्हणाली. या लोकांनी चुकीचं भाषांतर केलंय. त्याला घरी जायचंय. आबा दर वेळी तेच सांगायचे.

"दर वेळी?"

दर वेळी, ती म्हणाली.

त्या सिनेमात तळं कुठेच नाही, नुसती नदी आहे. तळं आमच्या सोलापुरात आहे. न्हाणीघरात पडले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बाबा रोज त्या तळ्याला चक्कर मारायचे. आपलं म्हणणं ते दर रविवारी मोठ्याने बोलत होते, माझ्यापासून आठ पावलांवर, अर्ध्या उघड्या दारातून, आणि मी कढया घासत होते. त्यांनी मला सांगितलं नाही, हा माझा पुरावा होता. त्यांनी इतक्यांदा सांगितलं की एका जर्मन बोलणाऱ्या पोरीचं ते तोंडपाठ झालं.

मला रडू फुटलं. मुलगी घाबरली. तिला आईचं रडणं थांबवायचा एकच उपाय सुचला असावा. तिने आवाज पुन्हा बंद केला, सीन मागे नेला आणि विचारलं, "नोखमाल?" मी मान डोलावली. म्हातारा पुन्हा टेबलापाशी बसला. त्याची मुलगी सिंकपाशी पाठमोरी उभी होती, नळ चालू. माझ्या मुलीने घसा साफ केला.

"अगं, जरा बस इथे," बाबा म्हणाले. मग घर छान आहे म्हणाले, करमत नाही म्हणाले, जीभ रेटत नाही म्हणाले. "मला माझ्या घरी नेऊन सोड."

"चला बाबा," मी म्हटलं. "उद्याच निघू. मी घेऊन जाते तुम्हाला."

माझी मुलगी थांबली. माझ्याकडे वळून, चुकीचं वाचणाऱ्याला बाई सांगतात तशी ती मला जर्मनमध्ये सांगायला लागली.

"नाइन, आई. तिथे त्याची मुलगी काहीच बोलत नाही."

आणि तिने सीन पुन्हा पहिल्यापासून लावला.